सात नंबरचं फाटक

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा. ट्रंक, वळकटी, हत्यारांची पेटी आणि मी, असे चौघेही धडधाकट आहोत. फक्त माझा उजवा गुडघा कुरकुरतो, पण तो नोकरीत असल्यापासूनच कुरकुरतोय.

घर बघून मात्र जीव हरखला. पूर्वी हे गेटमनचं क्वार्टर होतं. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे तीन पायऱ्या. स्वयंपाकघराची खिडकी थेट फाटकावर उघडते. फाटक म्हणजे आता नुसती जागाच. या शाखेवरची गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली, रूळही उखडून नेले. रस्त्याला आडवा एक उंचवटा तेवढा उरलाय आणि दोन्ही बाजूंना गवतातून जाणारी लांबलचक सरळ पट्टी. फाटकाच्या पलीकडे बसथांबा, अलीकडे मी. फाटकाच्या दोन्ही अंगांना एकेक दगडी बाक आहे. गेटमनची काय चैन होती बघा, बसायला दोन-दोन बाक!

इतकी वर्षं सिग्नल खात्यात काढली, त्यातली निम्मी बदलीच्या गावी एकट्याने. निवृत्त झाल्यावर दोघं एकत्र राहू, असं हिला दर वर्षी सांगत आलो. निवृत्त झालो तर मुलाकडे नातू आला आणि ही तिकडे अडकली. आता या नोकरीबरोबर घर मिळतंय म्हटल्यावर मी पगार किती तेही धड विचारलं नाही. ही सोळा तारखेला, रविवारी, चारच्या बसने येते आहे. कायमची.

ही वही नातवाने दिली. आजोबांनी रोज लिहायचं, असा हुकूम आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

कामाची जागा म्हणजे रेल्वेचं जुनं मालधक्क्याचं गोदाम, घरापासून पंधरा मिनिटं चालत. तिथे संग्रहालय होणार आहे. सगळा कारभार एका बाईंच्या अंगावर. वय पस्तिशीचं, गळ्यात कायम कॅमेरा, मला काका म्हणतात. आमच्या खात्यातले साहेब लोकसुद्धा सिग्नलवर एवढा जीव टाकत नव्हते.

ठेवा आहे तो सात सिग्नलांचा. फाटकावरचे जुने सिग्नल. लोखंडी खांब, वर घंटा, खाली परातीएवढी लाल तबकडी आणि तिच्या मधोमध दिवा. गाडी आली की घंटा वाजायची आणि तबकडी लंबकासारखी इकडून तिकडे हलायची. माझ्या उमेदवारीत मी असे डझनभर तरी सांभाळले. पुढे आपोआप पडणारी फाटकं आली आणि हे सगळे भंगारात गेले. एका शाखेचे सातच्या सात शाबूत राहिलेत ते फक्त इथले. बाईंनी एक भंगारवाल्याच्या दारातून उचलून आणला, एक कुणाच्या गोठ्याचा खांब झाला होता. बाकीचे पाच इथेच एका कोपऱ्यात आडवे पडले होते. वीस तारखेला उद्घाटन, त्याआधी सातही चकाचक करायचे आहेत.

सातही सिग्नलांवर लाकडी फुल्या ठोकलेल्या होत्या. दोन फळ्या आडव्यातिडव्या, तबकडीवर बरोबर मधोमध. त्याचं नवल नाही. सिग्नल सेवेतून काढला की त्यावर फुली ठोकायची, हा आमचा नियमच. फुली असली की ड्रायव्हरने समजायचं, हा सिग्नल मेलाय, याच्याकडे बघायचं नाही. मी स्वतः कितीतरी ठोकल्यात. पण बाई म्हणाल्या की लोकांना तबकडी दिसायला हवी. बरोबरच आहे. काढल्या.

फळ्या कसल्या, जुनं कसदार लाकूड! घरी आणून फोडलं. अंघोळीच्या पाण्याची चांगली आठवड्याची सोय झाली. आज कढत पाण्याने गुडघा शेकला, फार बरं वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सातही खांब घासून झाले. अंग असं मोडून आलंय की पेन धरवत नाही, पण नातवाला शब्द दिलाय.

तबकड्यांना लाल रंग दिला, घंटांना तेल दिलं. विजेचा प्रश्नच नाही, आतल्या तारा वितीवर कापलेल्या आहेत. बाईंना ते हलते हवे होते, मी हात जोडले. म्हटलं, या वयात नवीन दुखणं नको.

फडताळात गेटमनचं जुनं रजिस्टर सापडलं. सात नंबरचंच, म्हणजे माझ्याच घरचं. शेवटच्या पानावर शेवटची ओळ आहे, दुपारी ४.४०, गाडी शाखेत आत घेतली. पुढचा ‘गाडी बाहेर गेली’ हा रकाना कोरा. असला हलगर्जीपणा माझ्या हाताखालच्याने केला असता तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. बाई म्हणाल्या, ते गेटमन आजोबा अजून आहेत, तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात. पत्ता दिला. एकदा भेटून घ्या, त्यांना बरं वाटेल, म्हणाल्या. जाईन. पण बसने दीड तास जायचं आणि दीड तास यायचं म्हणजे दिवस गेला. पुढच्या आठवड्यात बघू.

हिचा फोन आला होता. स्वयंपाकघरात फळ्या किती, उजेड कुठून येतो, नळाला पाणी किती वेळ, सगळी उलटतपासणी झाली. मी फळ्या मोजून सांगितल्या. इतक्या वर्षांत हिचा आवाज असा हलका ऐकला नव्हता.

१० नोव्हेंबर, सोमवार

एक नंबरचा सिग्नल नाही. सकाळी गोदाम उघडलं तर भिंतीशी सहाच. कुलूप जसंच्या तसं. दोन माणसांनाही उचलणार नाही असला तो खांब. बाईंना रडू फुटायचं बाकी होतं. भंगारचोर म्हणावेत, तर तांब्याच्या तारांचं भेंडोळं शेजारीच पडलेलं होतं, त्याला कुणी हात लावलेला नाही. पोलीस येऊन दोन ओळी लिहून गेले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज दोन नंबरचा गेला. दुपारी बसचा ड्रायव्हर चहाला थांबला तेव्हा त्याने बाईंना विचारलं की एक नंबरच्या फाटकावर सिग्नल परत उभा केलात का, छान दिसतो. बाई स्कूटर काढून धावल्या, मागे मी, गुडघा आवळून.

उभा आहे. एक नंबरच्या फाटकावर, त्याच्या जुन्या जागी. आणि उभा म्हणजे नुसता टेकवलेला नाही. बुंध्याला सिमेंट, सिमेंटवर शेवाळ, भोवती गवत उगवलेलं. वरचा लाल रंग मात्र माझा. माझ्या कुंचल्याचा एक केस तबकडीवर चिकटला होता, तो मला आठवत होता. तो तिथे होता.

बाईंना वाटतं, कुणीतरी आपली फिरकी घेतंय. मला काहीच वाटून घ्यायचं नाहीये. दमलोय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नीट लिहायला हवं. पोलिसांना धड सांगता आलं नाही, निदान इथे तरी लिहितो.

सकाळी तीन नंबरचा गेलेला. बाई म्हणाल्या, आता मी त्या फाटकावरच उभी राहते, बघतेच कोण येतं ते. चार वाजता आम्ही तिथे पोचलो. सिग्नल आमच्या आधी हजर होता. बाई फाटकाच्या बाकाशी उभ्या राहिल्या, स्कूटर शेजारी लावली. मला उभं राहवेना, म्हणून मी मागे मोरीच्या कठड्यावर जाऊन बसलो, शंभरेक पावलांवर.

चार चाळीसला घंटा वाजायला लागली. तारा कापलेली घंटा. तबकडी हलायला लागली, एका लयीत, अगदी खात्याच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं, हसल्या, कॅमेरा वर केला. माझ्या बुडाखालचा कठडा थरथरला. गाडी जवळ आली की थरथरतो तसाच. हा थरकाप मी आयुष्यभर तळपायांनी ओळखलाय. वाऱ्याचा झोत आला, धूळ डोळ्यांत गेली, मी डोळे चोळले.

घंटा थांबली होती. बाई नव्हत्या. स्कूटर स्टँडवर उभी, आरशाला पर्स अडकवलेली. चहूकडे सपाट रान, लपायला एक झुडूप नाही. मी हाका मारमारून घसा फोडला.

मी त्यांच्याजवळ उभं राहायला हवं होतं. गुडघ्याचं कौतुक करत बसलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पोलिसांनी दिवसभर बसवून घेतलं. शेवटी साहेब म्हणाला, काका, घरी जाऊन झोपा. चार नंबरचा सकाळीच गेला होता. त्याच्याकडे बघायला कुणालाही वेळ नाही.

चार चाळीसला मी चौकीतच होतो. टेबलावरचा चहा पेल्यात हलला. मी साहेबाकडे बघितलं, तो कागद चाळत होता.

परत येताना सुताराकडून फळ्या आणल्या. उरलेल्या तिघांवर नव्या फुल्या ठोकल्या, चार चार खिळे. हात गळून गेलेत. अक्कल गहाण ठेवून त्या जुन्या फळ्या जाळल्या मी. आणि त्याच पाण्याने अंघोळ केली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच नंबरचा गेला. त्याच्या फळ्या जमिनीवर, एकावर एक नीट रचलेल्या. खिळे शेजारी ओळीने मांडलेले, एकही वाकडा नाही.

मग मी बोटं मोजली. आज पाच, उद्या सहा, परवा रविवारी सात. सात नंबर म्हणजे माझी खिडकी. आणि परवा चारच्या बसने ही.

लगेच फोन लावला. सांगितलं की काम वाढलंय, पुढच्या महिन्यात ये. मग ही शांतपणे म्हणाली,

“तुमचा पुढचा महिना मी लग्नापासून ऐकतेय. मी रविवारी येणार.”

खरं सांगायला तोंड उघडलं, पण काय सांगणार? सिग्नल चालत जातात म्हणून? शेवटी एवढंच म्हणालो की ये, पण एक ऐक. बसमधून उतरलीस आणि फाटकावर घंटा ऐकू आली, तर फाटक ओलांडायचं नाही. जिथे असशील तिथे थांब, घंटा बंद होईपर्यंत पाऊल पुढे टाकू नकोस. ही हसायला लागली, रूळ नाहीत म्हणता आणि घंटा कसली. मी नातवाची शपथ घातली. तेव्हा हसायची थांबली. बरं, थांबेन, म्हणाली.

जन्मभर लोकांना हेच शिकवत आलो. घंटा वाजली की थांबायचं. जरा जिवात जीव आला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सहा गेला. सातची घंटा खोलून आतला लोलक काढून घेतला आणि खिशात ठेवला. साखळीने खांब भिंतीला जखडला, दोन कुलपं घातली.

चार चाळीसला घरातली भांडी वाजली. हिच्यासाठी आणलेले पेले एकमेकांवर आपटले. एक फुटला.

गेटमनला भेटायला हवं. आठवडाभर पत्ता खिशात घेऊन फिरतोय आणि आज नको, उद्या, असं करतोय. उद्या पहिल्या बसने.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ७

खिडकी उघडली तर समोर उभा आहे. घणाने मारला. खांद्याला झिणझिण्या आल्या, त्याला ओरखडा नाही. घंटेत लोलक आहे. खिशातला लोलक खिशातच आहे.

पहिली बस पकडतो. फुल्या आधी कुणी ठोकल्या, कशा ठोकल्या, आजोबांना विचारलं पाहिजे. बारापर्यंत निघालो तरी दोनला परत, हिला बसथांब्यावर गाठता येईल.

दुपारी १.३०, बसमध्ये

आजोबांना ऐकू कमी येतं. रजिस्टर पुढे धरलं तर ओळखलं, पानावरून हात फिरवत बसले. किती वेळ गेला कोण जाणे. मग बोलले. शेवटच्या दिवशी गाडी चार चाळीसला एक नंबरकडून आत घेतली, पण ती सात नंबरला पोचलीच नाही. वरून सांगण्यात आलं की गाडी रद्द होती, ‘बाहेर गेली’ असं लिहून टाका. आजोबांनी लिहिलं नाही. जी गाडी बाहेर गेली नाही, ती गेली कसं लिहू, म्हणाले. मग त्यांनी स्वतःच सातही सिग्नलांवर फुल्या ठोकल्या. सिग्नल मेले की गाडीला पुढे यायला रस्ता नाही. इतकी वर्षं ती तिथेच थांबली होती, म्हणाले.

मी सांगितलं की फुल्या मी काढल्या. त्यांनी माझा हात धरला. “म्हणजे रस्ता तुम्ही दिलात.”

पुन्हा ठोकल्या तर, विचारलं. निघालेल्या गाडीपुढे फुली टिकत नाही, म्हणाले.

निघता निघता मी म्हटलं, बायकोला सांगून ठेवलंय, घंटा वाजली की फाटकापाशी थांबून राहा. आजोबांनी मान हलवली. हलवतच राहिले. या शाखेवर मधे एकही स्टेशन नव्हतं, म्हणाले. गाडी दर फाटकावर थांबायची. म्हणून तर बाक. घंटा वाजल्यावर फाटकापाशी जो उभा दिसेल, तो प्रवासी. त्याला घेतल्याशिवाय ती हलत नाही.

मीच हिला सांगितलं. नातवाची शपथ घालून.

२.१०

फोन लागत नाही. प्रवासात ही फोन बंद ठेवते. बॅटरी संपू नये म्हणून. मीच लावलेली सवय.

३.०५

बस बंद पडली. ड्रायव्हर खाली वाकून काहीतरी ठोकतोय. मी उतरून चालायला लागलो.

४.१२

एका ट्रकने घेतलं. तिची बस आली असेल. सरळ घरी गेली असेल, किल्ली कुंडीखाली आहे, तिला माहीत आहे. उशीर झाला असेल बसला तर —

४.३७

धावतोय — तिची बस आत्ता थांब्यावरून हलली — ही उतरली आहे. पलीकडे. दोन पिशव्या. निळी साडी. मी ओरडलो, ये, पळत ये — हिने हात केला —

४.४०

घंटा.

ही थांबली. बाकाशी. मी ओरडतोय, ये नाहीतर मागे पळ, घंटेत काही ऐकू जात नाही. हिने तळहात वर करून दाखवला. थांबलेय बघा, असं. हसतेय.

मधे आली. गाडी. पलीकडचं काही दिसत नाही — डबे, एकामागून एक, खिडक्यांत माणसं, सगळी दमलेली, कुणी माझ्याकडे बघत नाही — सवयीने वेळ लिहितोय, काय करू, हात थांबत नाही —

थांबली.

एका खिडकीत बाई. गळ्यात कॅमेरा. डोकं गजाला टेकलेलं.

त्याच्या पुढच्या खिडकीत ही. बसली आहे. शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून जागा धरली आहे. माझ्यासाठी. काचेवर बोट वाजवते आहे. या ना.

मी फाटकाशी उभा आहे. मी पण उभाच आहे.

दार माझ्या बाजूला उघडलं. गाडी हलत नाही. घंटा चालूच.

गुडघा फार दुखतोय. जागा आहे — नाही, बसायला नाही. हिला उतरवून आणायला चढतो, हात धरून लगेच खाली —

वही बाकावर ठेवतो. कुणाला सापडली तर आधी इथून लांब जा, इथे उभं राहून वाचू न